ताट आणि पाट : मराठी नाटकातील वार्धक्य आणि ज्येष्ठांच्या हक्काचा प्रश्न

बीजशब्द : वार्धक्य, ज्येष्ठ नागरिक, निर्वाह, हस्तांतरण, वारसा, कौटुंबिक नाटक, वऱ्हाड

प्रास्ताविक

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी हे कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या कोरडवाहू पट्ट्यातील गाव आहे. या पट्ट्यातील शेतकरी कुटुंबांत म्हातारपणाची व्यवस्था पुष्कळदा एकाच शब्दात सांगितली जाते : पाळी. मुलांचे वाटेहिस्से झाले की आई-वडिलांच्या जेवणाच्याही पाळ्या ठरतात. महिना थोरल्याकडे, महिना धाकट्याकडे. काही घरांत बाप एकाच्या वाट्याला आणि आई दुसऱ्याच्या. शेताची वाटणी होताना धुरा कोणाचा, विहिरीचे पाणी किती दिवस कोणाचे, आंब्याचे झाड कोणाकडे, याची काटेकोर चर्चा होते आणि तिचा बराच भाग कागदावरही येतो. म्हाताऱ्यांच्या पाळीची नोंद मात्र कोणत्याही कागदावर होत नाही. ती मुलांच्या मनावर, सुनांच्या सवडीवर आणि गावाच्या लाजेवर चालते.

वार्धक्य हा मराठी साहित्याला, विशेषतः नाटकाला, अपरिचित असलेला विषय नाही. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांतील अत्यंत लोकप्रिय आणि समीक्षकमान्य नाटकांपैकी काही याच विषयावर उभी आहेत. तथापि, या नाटकांवरील समीक्षा पाहिली असता ती प्रामुख्याने करुण रस, पिढ्यांमधील अंतर, कुटुंबसंस्थेचा ऱ्हास आणि नटांचा अभिनय या चार गोष्टींभोवती फिरताना दिसते. वृद्ध व्यक्ती ही हक्क असलेली व्यक्ती आहे, तिच्याजवळ काही होते, ते कोणत्या अटीवर आणि कोणाच्या नावे गेले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक हा प्रश्न नाटकांच्या संहितेतच पडून आहे. प्रस्तुत लेखात 'नटसम्राट', 'संध्याछाया' आणि 'वाडा चिरेबंदी' या तीन नाटकांचा या दृष्टीने विचार केला असून, त्यांच्या शेजारी आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ ठेवला आहे. नाटक आणि कायदा या दोहोंमागे वृद्धत्वाची जी समान कल्पना आहे ती इंझोरीसारख्या गावापर्यंत कितपत पोहोचते, हे पाहणे हा यामागील हेतू होय.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हेच प्रमाण ९.९ टक्के होते. देशातील ज्येष्ठांपैकी सुमारे ७१ टक्के ग्रामीण भागात राहत होते. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९८२ ची व्हिएन्ना कृतियोजना, १९९१ ची संयुक्त राष्ट्रांची तत्त्वे आणि २००२ ची माद्रिद कृतियोजना असे टप्पे झाले. परंतु बालके, स्त्रिया व दिव्यांग यांच्यासाठी जसे बंधनकारक करार आहेत तसा ज्येष्ठांसाठी अद्याप नाही. असा करार तयार करण्यासाठी कार्यगट नेमण्याचा निर्णय संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. दयेकडून हक्काकडे जाण्यास जगालाही एवढा काळ लागला, ही बाब मराठी समीक्षेला दोष देताना ध्यानात ठेवली पाहिजे.

अटीविना दिलेले दान

वि. वा. शिरवाडकर यांचे 'नटसम्राट' २३ डिसेंबर १९७० रोजी रंगभूमीवर आले. गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, पुरुषोत्तम दारव्हेकरांचे दिग्दर्शन, डॉ. श्रीराम लागू आणि शांता जोग यांच्या भूमिका यांमुळे या प्रयोगाला मराठी रंगभूमीच्या इतिहासात वेगळे स्थान आहे. १९७४ साली या नाटकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०१६ साली त्यावर चित्रपट निघाला. गणपतराव बेलवलकर निवृत्त होतात, जवळचे सारे मुलगा आणि मुलगी यांच्यात वाटून टाकतात, आधी मुलाकडे व नंतर मुलीकडे राहतात, चोरीचा आळ आल्यावर घर सोडतात. कावेरी वाटेतच जाते आणि नट शेवटी बूटपॉलिश करणाऱ्या पोराच्या आश्रयाला येतो. घर मागणारे त्यांचे स्वगत महाराष्ट्रात पाठ नसलेला नाट्यरसिक विरळा.

या स्वगताने नाटक एवढे व्यापून टाकले आहे की पहिल्या अंकातील वाटपाकडे समीक्षेचे दुर्लक्ष झाले. वाटप हा नाटकातील सर्वांत निर्णायक व्यवहार आहे आणि तो पूर्णतः अटीविना होतो. आप्पासाहेब रंगभूमीवरील राजाच्या थाटात देतात. घेणाऱ्यांकडून काहीही लिहून घेत नाहीत, तोंडी वचनही मागत नाहीत. पुढचे ताट द्यावे पण बसायचा पाट देऊ नये, ही म्हण प्रेक्षकाला या ठिकाणी आठवल्याशिवाय राहत नाही. या म्हणीतला पाट म्हणजे काय, याचा विचार करण्यासारखा आहे. पाट म्हणजे बसण्याची जागा, पंगतीतील स्थान आणि उठविले न जाण्याची खात्री. आप्पासाहेबांनी ताटाबरोबर पाटही दिला, आणि आपण पाट दिला आहे हे त्यांच्या लक्षात फार उशिरा आले.

'नटसम्राट'चे शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'शी असलेले नाते सर्वश्रुत आहे. विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर' हा त्याचा मराठी अनुवाद केल्यानंतर ही तुलना मराठीत अधिक सोपी झाली. मात्र तुलना करताना एक तपशील सुटतो. लिअर राज्य वाटतो तेव्हा अट घालतो. राजाची पदवी व मानमरातब तो स्वतःकडे ठेवतो, शंभर सरदारांचा लवाजमा राखून ठेवतो, आणि दोन्ही मुलींकडे आळीपाळीने एकेक महिना राहण्याचे जाहीर करतो. सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या इंग्रजी नाटकातील ही व्यवस्था वऱ्हाडातील पाळीहून फारशी निराळी नाही, ही गंमत सोडून दिली तरी मुद्दा उरतोच. लिअरची शोकांतिका अट मोडली जाण्याची आहे. बेलवलकरांची शोकांतिका अट न घातल्याची आहे. लिअरला निदान कोणी काय मोडले हे सांगता येते. बेलवलकरांना तक्रार करायची झाली तर त्यांच्या हाती कृतघ्नतेखेरीज दुसरा शब्द नाही, आणि कृतघ्नता हा कोणत्याही कायद्यान्वये गुन्हा नाही.

२००७ च्या अधिनियमातील कलम २३ याच जागी येऊन उभे राहते. ज्येष्ठ नागरिकाने बक्षीसपत्राने अथवा अन्य प्रकारे मालमत्ता दिली, घेणाऱ्याने त्याच्या मूलभूत सुविधा व शारीरिक गरजा पुरवाव्यात अशी अट त्यात असली, आणि घेणाऱ्याने त्यास नकार दिला, तर ते हस्तांतरण फसवणुकीने वा दडपणाने झाल्याचे मानून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. म्हणजे पाट परत मागता येतो. मात्र तो दिला तेव्हा अट होती हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मधील एका निर्णयात ही अट सिद्ध होणे आवश्यक मानले. केवळ प्रेमापोटी, कोणतीही अपेक्षा न ठेवता दिलेले या कलमाच्या कक्षेत येत नाही, असा त्याचा आशय आहे. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने अधिनियमाचे कल्याणकारी स्वरूप लक्षात घेऊन उदार अर्थ लावला आणि मालमत्ता आईला परत मिळवून दिली; तेथे सांभाळ करण्याचे वचन मुलाने लिहून दिलेले होते. बेलवलकरांनी असे काही लिहून घेतले नव्हते. त्यामुळे आजचा कायदा असता तरी त्यांचा दावा दुबळाच ठरला असता. लिअरचा टिकला असता.

येथे मराठी भाषेचाही संबंध येतो. आपल्याकडील बक्षीसपत्रांत प्रेम, माया व जिव्हाळा यांचा उल्लेख असलेले वाक्य ठरलेले असते. सांभाळाच्या अटीचे वाक्य तसे ठरलेले नसते. मुलाला दिलेली जमीन प्रेमापोटीच असणार, त्यात अट कसली घालायची, या संकोचाची मुळे जेथे आहेत तेथूनच 'नटसम्राट'मधील वाटपाचा प्रसंगही वर आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली मुले व नातवंडे यांना बक्षीसपत्राने दिलेल्या राहत्या घरावरील आणि शेतजमिनीवरील मुद्रांक शुल्क २०० रुपयांवर आणले. देणे एवढे स्वस्त आणि सोपे झाले असताना देणाऱ्याच्या बाजूचे एक वाक्य कागदात यावे, याची काळजी कोणी घेतली नाही.

'नटसम्राट'मधील नलिनीविषयीही एक बाब नोंदविली पाहिजे. समीक्षेने सून शारदा व मुलगी नलिनी यांची तुलना स्वभावाच्या अंगाने पुष्कळ केली आहे. विवाहित मुलीवरही वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात १९८७ साली स्पष्ट केले. शिरवाडकरांनी वाटपात मुलीला वाटेकरी केले आणि सांभाळाच्या कसोटीलाही तिला मुलाच्या बरोबरीने लावले. समाजाच्या आणि कायद्याच्या पुढे काही वर्षे गेलेली ही दृष्टी होती. कावेरीचे मात्र असे म्हणता येत नाही. संसारात तिचे काय होते, वाटपात तिचा होकार कोणी घेतला, हे नाटक विचारत नाही. प्रेक्षकही विचारत नाही, कारण तो आप्पासाहेबांच्या वाणीच्या प्रभावाखाली असतो.

कायद्याच्या हाती न लागणारे दुःख

जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया' (१९७३) या नाटकाचा विचार येथे थोडक्यात करणे पुरेसे आहे. नाना आणि नानी यांचा एक मुलगा अमेरिकेत स्थायिक होतो, दुसरा हवाई दलात असताना युद्धात मरण पावतो. शेवटी वृद्ध दांपत्य आपले जीवन संपविते. विजया मेहता आणि माधव वाटवे यांच्या अभिनयाने गाजलेल्या या नाटकात मालमत्तेचा तंटा नाही. नाना-नानींना घर आहे, खाण्यापिण्याची ददात नाही. निर्वाह न्यायाधिकरणाकडे जाऊन त्यांनी काय मागावे? अधिनियमात दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंतच्या निर्वाहभत्त्याची तरतूद आहे. ही मर्यादा काढण्यासाठी २०१९ साली लोकसभेत मांडलेले विधेयक मंजूर झाले नाही. मर्यादा काढली असती तरी नानीचा प्रश्न सुटत नाही, कारण सोबत कोणत्याही न्यायाधिकरणाच्या आदेशाने मिळत नाही. हक्काच्या भाषेची ही मर्यादा दळवींच्या नाटकाने ती भाषा प्रचलित होण्यापूर्वीच दाखविली, हे त्याचे श्रेय मान्य करावे लागेल.

परंतु या नाटकाने एक प्रतिमाही रूढ केली. मराठी वार्धक्य म्हणजे परदेशी गेलेला मुलगा, पत्राची वाट पाहणारी आई आणि शहरातले रिकामे घर, हे समीकरण नंतरच्या कथा, मालिका व वृद्धाश्रमावरील भाषणे यांत इतके वापरले गेले की म्हाताऱ्यांचे दुःख हे मुलगा दूर असण्याचेच दुःख होय, असा समज झाला. खेड्यातील अनुभव वेगळा आहे. इंझोरीसारख्या गावातून पुण्या-मुंबईकडे कामासाठी जाणारी मुले आहेतच; पण अनेक म्हाताऱ्यांची आबाळ मुलगा त्याच छपराखाली असताना, ओसरीवर आणि चुलीपासून दहा पावलांवर होते. ही आबाळ हेळसांडीपेक्षा टंचाईची अधिक असते. नापिकीच्या वर्षी मुलाच्या घरातच धान्य नसेल तर बापाच्या ताटात ते कोठून येणार? मुलाला खलनायक करून हा प्रश्न मांडता येत नाही, आणि मराठी नाटकाला खलनायक लागतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटाने खलनायकाची गरज टाळली. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित, त्यांना सांभाळताना थकलेली मुलगी आणि त्यांना दोन दिवस आपले मूल मानून जपणारी माहुताची बायको. यात दोषी कोणी नाही. सांभाळणाऱ्याचेही काही हक्क आहेत, त्यालाही विसावा लागतो, हे या चित्रपटात जेवढ्या सौम्यपणे आले आहे तेवढे मराठी नाटकात आलेले नाही.

वाड्यातील दोन वारस

विदर्भाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाटक महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) होय. एलकुंचवारांचे जन्मगाव पारवा हे वाशीमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातले. धरणगावकर देशपांड्यांचा वाडा, त्यातला गंजत पडलेला ट्रॅक्टर, मुंबईहून येणारा सुधीर, वाडा सांभाळणारा भास्कर आणि त्याच्याशी बांधलेली वहिनी, शिक्षणासाठी तळमळणारी प्रभा हे सारे वऱ्हाडातील वाचकाला ओळखीचे वाटते. समीक्षेने या नाटकाला सरंजामी व्यवस्थेच्या ऱ्हासाचे नाटक म्हटले आणि ते योग्यच आहे. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' मिळून नाट्यत्रयी पूर्ण झाली तेव्हा हा अर्थ अधिकच पक्का झाला.

पण या वाड्यात दोन म्हाताऱ्या आहेत, आणि त्यांच्याकडे वाड्याचा भाग म्हणून पाहिले गेले आहे. एक आई, म्हणजे नुकतेच निवर्तलेल्या तात्याजींची विधवा. दुसरी दादी, तात्याजींची आई, अंधाऱ्या कोपऱ्यात बसून वेळ विचारत राहणारी. मुलगा गेल्याचेही तिला उमगत नाही. समीक्षेने दादीला काळाचे प्रतीक मानले. वेळ विचारणारी आणि वेळेबाहेर पडलेली वृद्धा हे प्रतीक म्हणून प्रभावी आहे, यात शंका नाही. तथापि, प्रतीक झालेल्या माणसाला भूक, औषध आणि हिस्सा नसतो, ही प्रतीकवादी वाचनाची अडचण आहे.

नाटक हे वारसा कायद्याचे पुस्तक नव्हे, हे मान्य करूनही हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ येथे आठवावा लागतो. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष मरण पावला तर त्याच्या वाट्याची मालमत्ता पहिल्या वर्गातील वारसांकडे जाते, आणि या वर्गात मुलगे व मुली यांच्याबरोबर विधवा आणि मृताची आई यांचाही समावेश आहे. म्हणजे तात्याजींच्या वाट्यात भास्कर, सुधीर, चंदू यांच्याप्रमाणेच प्रभा, आई आणि दादी याही वारस ठरतात. मुलगा गेला हे जिला कळलेले नाही ती त्याची कायदेशीर वारस आहे. दिवसकार्याच्या खर्चासाठी काय विकावे, दागिने कोणी ठेवावेत, वाड्याचे काय करावे, यावर या नाटकात सतत बोलणे चालते आणि दादीचा त्यात संबंध आहे हे एकाही पात्राच्या मनात येत नाही. एलकुंचवारांनी हे जाणूनबुजून केले किंवा कसे, हा प्रश्न गौण आहे. खऱ्या वाड्यांत आणि खऱ्या घरांतही ते कोणाच्या मनात येत नाही, आणि नाटककाराच्या वास्तवदर्शनाची खूण म्हणून याकडे पाहता येते. समीक्षकाच्याही मनात ते आले नाही, हे मात्र खटकते.

हा मुद्दा वऱ्हाडात केवळ वाडेवाल्यांपुरता नाही. तीन-चार एकरांच्या खातेदाराच्या घरीही वारस नोंदीच्या वेळी म्हातारीचे नाव सातबाऱ्यावर चढते की मुलांच्या नावे हक्कसोड करून तिचा अंगठा घेतला जातो, यावर तिच्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांचे स्वरूप ठरते. नाव असलेली म्हातारी पीककर्जाच्या, अनुदानाच्या, विम्याच्या निमित्ताने तरी विचारली जाते. फेरफारातून नाव गेले की ती फक्त पाळीपुरती उरते.

श्रावणबाळाची छाया

नाटकांनी ज्या कल्पनेला भावनिक रूप दिले तीच कल्पना शासनाच्या योजनांच्या नावांत दिसते, ही बाब रोचक आहे. महाराष्ट्रातील वृद्धांच्या निवृत्तिवेतनाला श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना असे नाव आहे. १९९५ साली वृद्धाश्रमांची योजना आली ती मातोश्री या नावाने. श्रावणबाळ हा आंधळ्या आई-बापांना कावडीतून वाहणारा मुलगा; मराठी मनात त्याच्याशेजारी पुंडलिकही उभा असतो, ज्याने आई-वडिलांच्या सेवेत खंड पडू नये म्हणून देवाला विटेवर थांबविले. या कथांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांच्यामुळेच पाळी नावाची व्यवस्था गावात अजून टिकून आहे. मात्र सार्वजनिक निधीतून मिळणाऱ्या वेतनाला मुलाचे नाव दिल्याने दोन परिणाम होतात. घेणाऱ्याला तो हक्क न वाटता सेवा वाटते. आणि सेवा करणारा आपल्या ऐपतीनुसार करतो, तिची मोजदाद मागायची नसते, असा संकेतही त्यासोबत येतो.

या योजनेत ६५ वर्षांवरील निराधार व्यक्तीला २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. पात्रतेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. उत्पन्न कुटुंबाचे मोजले जाते. म्हणजे मुलगा सांभाळीत नसला तरी त्याची कमाई म्हातारीच्या आड येऊ शकते. शासन येथे गृहीत धरते की कुटुंब आहे म्हणजे ताट आहे. हेच गृहीत 'नटसम्राट'च्या पहिल्या अंकात आप्पासाहेबांचे आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील वाटा तर ६० ते ७९ वयोगटासाठी २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये एवढाच आहे.

२००७ च्या अधिनियमातही कुटुंबाचा मुलगा केंद्रस्थानी आणि राज्य कडेला आहे. आई-वडिलांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास अथवा ५,००० रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. राज्याच्या बाबतीत मात्र प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे गरजू ज्येष्ठांसाठी एक वृद्धाश्रम स्थापन 'करता येईल', असे क्रियापद आहे. मुलासाठी शिक्षा आणि शासनासाठी मुभा, हा फरक व्याकरणाचा दिसला तरी धोरणाचा आहे. लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के कपात करण्याचा निर्णय घेतला तेव्हा त्याचे मोठे स्वागत झाले. तो स्वागतार्ह होताही. परंतु कपात करण्यासाठी वेतन असावे लागते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या किंवा हंगामी मजुरीसाठी तांड्यावरून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या आई-वडिलांना या निर्णयाचा उपयोग नाही.

शहरांतून ज्येष्ठांची संघटना झाली आहे, ही समाधानाची बाब होय. १९८० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्येष्ठ नागरिक महासंघाने, अर्थात फेस्कॉमने, संघांचे जाळे उभारले आणि धोरणाचा पाठपुरावा केला. एसटीच्या सवलतींपासून ज्येष्ठ नागरिक धोरणापर्यंत पुष्कळ मागण्यांमागे हा रेटा आहे. ज्येष्ठ नागरिक हा शब्दही याच काळात रूढ झाला. वऱ्हाडी बोलीत मात्र बुढा आणि बुढी हेच शब्द चालतात, आणि ते अपमानाचे नाहीत. घरातल्या माणसाविषयी जवळिकीने बोलतानाही ते येतात. ज्येष्ठ नागरिक या शब्दात नागरिकत्व आहे, बुढा या शब्दात नाते आहे. अर्ज पहिल्या शब्दात करावा लागतो आणि आयुष्य दुसऱ्यात काढावे लागते. या दोन शब्दांमधील अंतर तलाठी कार्यालयाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला जेवढे कळते तेवढे ते साहित्यात उतरलेले नाही.

वऱ्हाडच्या लेखकांकडून ही अपेक्षा करणे अवास्तव नाही. उद्धव शेळके यांच्या 'धग'ने (१९६०) वऱ्हाडी बोलीला कादंबरीत प्रतिष्ठा दिली. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ने (२००२) शेतीच्या अर्थकारणात सापडलेले तीन पिढ्यांचे घर उभे केले आणि त्याला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'बारोमास'मधील नानुआजा जुन्या शेतीचे ज्ञान व स्मृती घेऊन येतो. कादंबरीची मुख्य वेदना मात्र शिकलेल्या, नोकरी नसलेल्या एकनाथची आहे, आणि शेतीसंकटावरील बहुतेक लेखनात तरुण वा मध्यमवयीन कर्ता पुरुषच केंद्रस्थानी राहतो. कर्ता मुलगा गमावलेल्या घरात मागे उरलेले म्हातारा-म्हातारी पुन्हा नांगराला हात घालतात, नातवंडांची शाळा पाहतात, कर्ज निस्तरतात. या वार्धक्यात सांभाळ करणारा आणि सांभाळ हवा असणारा एकच असतो. असे वार्धक्य 'नटसम्राट'च्या साच्यात बसत नाही, २००७ च्या अधिनियमाच्याही नाही, कारण दोन्हीकडे समोर कोणी मुलगा उभा असावा लागतो.

कागदाकडे परत येताना

नाटक शिकविणाऱ्या वर्गात 'नटसम्राट'मधील स्वगताचे वाचन होते, क्वचित अभिनयही होतो. त्याच वर्गातील मुलांच्या घरी येत्या काही वर्षांत वाटण्या होणार असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार तहसीलदारांपुढे शेतजमिनीचे वाटप करून घेता येते, आणि गावाकडे बहुतांश शेते बक्षीसपत्रापेक्षा अशा वाटणीने किंवा नुसत्या तोंडी वाटणीने मुलांकडे जातात. वाटणीला कलम २३ मधील हस्तांतरण म्हणता येईल काय, यावर वाद होऊ शकतो. कारण वाटणीत कोणी कोणाला देत नाही, प्रत्येक जण आपले घेतो, अशी कायद्याची धारणा आहे. बेलवलकरांनी निदान दिले होते. इंझोरीच्या शिवारातला बाप वाटणीत देतो, पण कागदावर तो देणारा नसतो. त्याने स्वतःच्या नावे एक एकर राखले, किंवा आपल्या व पत्नीच्या धान्याचे, औषधाचे आणि राहत्या खोलीचे दोन ओळींत लिहून त्यावर मुलांच्या सह्या घेतल्या, तर प्राधिकाऱ्यासमोर दाखविण्यासारखा पुरावा त्याच्या हाती राहतो. धुरा, विहीर आणि आंब्याचे झाड यांच्या खाली त्या दोन ओळींना जागा असते.